शंखातला जांभळा : सम्राटांचा रंग आणि किनाऱ्यावरचे हात

१/
मराठीतला 'जांभळा' हा शब्द जांभूळ या फळावरून आला. इंग्रजीतल्या 'पर्पल'चे मूळ मात्र समुद्रात आहे. ग्रीक भाषेत 'पोर्फिरा' हे भूमध्य समुद्रातल्या एका शंखधारी गोगलगायीचे नाव होते. तिच्यापासून निघणाऱ्या रंगालाही तेच नाव मिळाले, लॅटिनमध्ये त्याचे 'पुर्पुरा' झाले आणि पुढे 'पर्पल'. या प्राण्याच्या अंगातल्या थेंबभर द्रवासाठी रोमन सम्राटांनी कायदे केले, कारखाने ताब्यात घेतले आणि माणसांचा छळही केला. तरीही हा रंग करण्याची विद्या अखेर साम्राज्याबरोबर बुडाली. ती जिथे तग धरून राहिली, ती ठिकाणे राजवाड्यांपासून फार दूर होती. हा धागा त्या रंगाविषयी आणि तो काढणाऱ्या हातांविषयी.

२/
आधी प्राण्याची ओळख. भूमध्य समुद्रात या रंगासाठी मुख्यतः तीन जातींचे शंख वापरले जात. पट्टेदार कवचाचा हेक्साप्लेक्स ट्रंक्युलस, लांब काट्यांचा बोलिनस ब्रँडारिस आणि खडकांना चिकटून राहणारा स्ट्रॅमोनिटा हीमास्टोमा. तिघेही मांसाहारी असून इतर शिंपल्यांना भोके पाडून आतले मांस खातात. त्यांच्या श्वसनपोकळीत एक लहानशी ग्रंथी असते आणि तिच्यात जवळजवळ बिनरंगी द्रव असतो. प्राणी जिवंत असताना त्यात जांभळेपणाचा मागमूसही नसतो. ग्रंथी फुटली आणि हवा व उजेड लागला की तो द्रव पिवळा, मग हिरवा, मग निळसर आणि शेवटी जांभळा होतो. सोबत उग्र, कुजकट दर्पही सुटतो.

३/
या रंगद्रव्याचे रासायनिक नाव डायब्रोमोइंडिगो. 'इंडिगो' म्हणजे आपली नीळ. निळीच्या रेणूला ब्रोमिनचे दोन अणू जोडले की शंखातला जांभळा तयार होतो. एक रंग भारतातल्या शेतातल्या झुडपाचा, दुसरा समुद्रतळाच्या प्राण्याचा, पण दोघे सख्खी भावंडे. समुद्राच्या पाण्यात ब्रोमिन विरघळलेल्या स्वरूपात असतेच, आणि ते रेणूत गुंफण्याची युक्ती या प्राण्याला साधलेली आहे. ग्रंथीतला द्रव त्याला भक्ष्य शिथिल करण्यासाठी आणि आपली अंडी जंतूंपासून वाचवण्यासाठी उपयोगी पडतो. माणसाने त्याच द्रवात राजवैभव पाहिले.

४/
नीळ आणि हा जांभळा यांची एक अडचणही सारखीच आहे. दोन्ही रंग पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे नुसते पाण्यात कालवून कापड रंगत नाही. नीळ रंगवणारे कारागीर म्हणूनच पिंपात आंबवण घालत. आंबवणातल्या जिवाणूंमुळे पिंपातला प्राणवायू संपतो, रंगाचे रूप पालटते आणि तो पाण्यात विरघळतो. त्यात बुडवलेले कापड बाहेर काढले की आधी पिवळट-हिरवे दिसते आणि हवा लागताच निळे होते. आता रंग धाग्याच्या आत घट्ट बसलेला असतो. शंखाच्या रंगालाही हीच वाट धरावी लागते. पुढच्या सगळ्या कथेत ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण विद्या हरवली ती नेमकी इथेच.

५/
या उद्योगाचे फार जुने पुरावे एजियन समुद्रातले आहेत. क्रीट बेटाच्या परिसरात कांस्ययुगातल्या फोडलेल्या शंखांचे ढीग सापडतात. इ.स.पू. सतराव्या-सोळाव्या शतकात ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या अक्रोतिरी या गावात हा रंग केवळ कापडासाठी नव्हता, भिंतीवरच्या चित्रांतही तो भरलेला आढळला. क्नोसॉसच्या राजवाड्यातल्या, लिनियर बी लिपीत लिहिलेल्या मातीच्या पाट्यांवर जांभळ्या रंगाशी संबंधित शब्द आहेत, आणि एका पाटीवर त्याला 'राजाचा' या अर्थाचे विशेषण जोडलेले आहे. म्हणजे रंग आणि राजसत्ता यांची गाठ रोमच्या हजार वर्षे आधीच पडली होती.

६/
या रंगाला नाव आणि बाजारपेठ मिळवून दिली ती फिनिशियन व्यापाऱ्यांनी. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरची टायर आणि सायडन ही त्यांची शहरे. सायडनमध्ये फोडलेल्या शंखांचा साठत साठत डोंगर झाला. 'टायरचा जांभळा' हे तर रंगाचेच नाव बनले. त्याच्या शोधाची एक लोककथा होती : हेराक्लीसचा कुत्रा किनाऱ्यावर शंख चावतो, त्याचे तोंड रंगून जाते आणि ते पाहून एक सुंदरी त्याच रंगाच्या वस्त्राचा हट्ट धरते. सतराव्या शतकात रुबेन्सने या प्रसंगाचे चित्र काढले, पण कुत्र्यासमोर शंख मात्र भलत्याच जातीचा रंगवला. तोपर्यंत खरा शंख कोणता, हेच युरोपातल्या सुशिक्षितांच्या विस्मरणात गेले होते.

७/
शंख पकडण्याची रीत रोमन लेखक प्लिनी याने इ.स.च्या पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे. विरळ विणीच्या टोपल्यांत आमिष म्हणून जिवंत शिंपले ठेवून त्या दोराने समुद्रात सोडत. शंख आमिषाला चिकटले की टोपली वर ओढत. पुरेसे शंख जमेपर्यंत ते जिवंत ठेवावे लागत, कारण मेलेल्या शंखातला रंग वाया जातो. उत्खननात सापडलेल्या अनेक कवचांवर गोल भोके आहेत. डबक्यात दाटीवाटीने कोंडलेले हे शंख भुकेने एकमेकांनाच पोखरू लागत, असा अभ्यासक त्याचा अर्थ लावतात. कोळ्याला म्हणूनच वेळेचे भान ठेवावे लागे.

८/
मोठ्या शंखांतली ग्रंथी कापून काढत, लहान शंख कवचासकट ठेचत. त्यात मीठ घालून लगदा तीन दिवस मुरवत. मग धातूच्या भांड्यात पाण्यासह तो मंद उष्णतेवर ठेवत. भट्टी थेट खाली नसे, नळीवाटे ऊब आणली जाई. मांसाचे तुकडे वर येतील तसे काढून टाकत, आणि दहाव्या दिवसाच्या सुमारास लोकरीचा पुंजका बुडवून रंग तपासत. अशा भांड्यांच्या रांगाच रांगा ज्या शहरात होत्या, तिथे राहणे कसे असेल? भूगोलकार स्ट्रेबो सांगतो की रंगशाळांमुळे टायर शहर राहायला अप्रिय झाले होते, पण त्यांच्यामुळेच ते श्रीमंतही झाले होते. ती श्रीमंती व्यापाऱ्यांच्या घरी जाई. दुर्गंधी मात्र लगद्यात कोपरापर्यंत हात घालणाऱ्यांच्या अंगाला चिकटून राही.

९/
रंग इतका महाग का? १९०९ मध्ये पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १२,००० शंखांतून रंगद्रव्य वेगळे केले. हाती आले अवघे १.४ ग्रॅम. पण मोल केवळ दुर्मीळपणाचे नव्हते, टिकाऊपणाचेही होते. प्लुटार्क लिहितो की अलेक्झांडरने इराणी सम्राटाची राजधानी सुसा जिंकली, तेव्हा तिथल्या खजिन्यात ग्रीसमधल्या हर्मिओनी गावाहून आलेले जांभळे कापड सापडले. ते १९० वर्षे साठवलेले होते आणि तरी त्याचा रंग ताजा होता. वनस्पतींचे बहुतेक रंग उन्हाने आणि धुण्याने विटत त्या काळात, न विटणारा रंग ही राजाला शोभणारीच गोष्ट होती.

१०/
हा रंग भूमध्य समुद्रापुरता नव्हता. इस्राएलमधल्या तिम्ना या वाळवंटी भागात तांब्याच्या प्राचीन खाणींजवळ सुमारे इ.स.पू. १००० मधले जांभळ्या लोकरीचे तुकडे मिळाले. हा शोध २०२१ मध्ये जाहीर झाला. इराणच्या आखातात कतारच्या अल खोर बेटावर त्याहून जुना, लाखो शंखांचा ढीग आहे. इ.स.च्या पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ तर सांगतो की आखाताच्या बंदरांतून भरूचला मोती, मद्य, खजूर, सोने यांच्याबरोबर जांभळा मालही येत असे. हे तेच भरूच, जिथे पैठण आणि तेर इथला माल गाड्यांतून उतरत असल्याची नोंद त्याच ग्रंथात आहे.

११/
रोममध्ये जांभळ्याची रुंदी म्हणजे माणसाची पायरी. सेनेटच्या सभासदाच्या अंगरख्यावर रुंद पट्टा, त्याखालच्या अश्वारूढ वर्गाच्या अंगरख्यावर अरुंद. मोठ्या पदावरच्या अधिकाऱ्याच्या टोग्याला जांभळी किनार, आणि विजययात्रेत मिरवणाऱ्या सेनापतीचा टोगा संपूर्ण जांभळा, सोन्याच्या वेलबुट्टीचा. प्लिनीने एका जुन्या लेखकाच्या हवाल्याने भाव दिले आहेत : त्याच्या तरुणपणी जांभळट लोकर पौंडाला १०० देनारियस होती, पुढे टायरची दोनदा बुडवलेली लोकर आली, तेव्हा ती १,००० देनारियसलाही मिळेना. उत्तम रंग कोणता, याविषयी प्लिनीचे मत आज चमत्कारिक वाटेल. साकळलेल्या रक्तासारखा, समोरून काळसर आणि तिरक्या उजेडात लकाकणारा, तो सर्वश्रेष्ठ.

१२/
मिरवण्याची वस्तू लवकरच धाकाची वस्तू झाली. चरित्रकार सुएटोनियस सांगतो की नीरोने टायरचा जांभळा वापरण्यावर बंदी घातली. मग स्वतःच एका माणसाला बाजारच्या दिवशी थोडासा रंग विकायला बसवले आणि त्या निमित्ताने सगळ्या व्यापाऱ्यांची दुकाने बंद करवली. एकदा गायन चालू असताना त्याला प्रेक्षकांत निषिद्ध रंगाचे वस्त्र नेसलेली एक स्त्री दिसली. तिला ओढून नेण्यात आले आणि वस्त्राबरोबर तिची मालमत्ताही हिरावली गेली. सुएटोनियसला नीरोविषयी मुळीच प्रेम नव्हते, हे ध्यानात घेऊन ही कथा वाचावी. तरी कापडाचा रंग हा गुन्हा होऊ शकतो, ही कल्पना रोमन वाचकाला अशक्य वाटत नव्हती, एवढे तिच्यावरून निश्चित कळते.

१३/
जिथे बंदी आणि महागाई, तिथे नक्कल आलीच. इजिप्तमध्ये सापडलेल्या, इ.स.च्या तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या पपायरसांवर बनावट जांभळ्याच्या कितीतरी कृती आहेत. मंजिष्ठेच्या कुळातली लाल मुळे, खडकांवरचे दगडफूल, निळा रंग देणारी पाने, यांच्या मिश्रणातून गरिबांचा जांभळा तयार होई. अस्सल मालाची किंमत मात्र आकाशाला भिडली होती. इ.स. ३०१ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने वस्तूंच्या कमाल किमती ठरवून दिल्या. त्यात जांभळे रेशीम पौंडाला १,५०,००० देनारियस, सोने पौंडाला ७२,००० आणि शेतमजुराची रोजी जेवणासह २५. एक पौंड रेशमासाठी त्या मजुराने ६,००० दिवस राबायला हवे होते, म्हणजे सोळा वर्षांहून अधिक.

१४/
चौथ्या शतकाच्या उत्तरार्धापासून कायदे आणखी कडक झाले. उत्तम प्रतीचा जांभळा खासगी माणसाने रंगवायचा नाही, विकायचा नाही. तो केवळ राजघराण्याचा आणि राजाच्या रंगशाळांचा. ४२४ च्या एका फर्मानाने लोकांच्या घरांतली तसली वस्त्रे सरकारजमा करायला सांगितली आणि लपवणाऱ्याला राजद्रोह्याच्या पंक्तीत बसवले. याच कायदेसंग्रहात एक शब्द येतो : 'मुरिलेगुली', म्हणजे शंख गोळा करणारे. ही माणसे राज्याच्या सेवेला पिढ्यान्‌पिढ्या जखडलेली होती. बापाचे काम मुलाने करायचे, आणि कोणी निसटलाच तर त्याला परत आणायचे. सम्राटाच्या एकाधिकाराचा पाया पाण्यात उतरणाऱ्या या माणसांवर उभा होता.

१५/
या धाकाखाली काय घडे, याचा एक प्रसंग इतिहासकार अम्मिआनस मार्सेलिनस याने नोंदवला आहे. ३५४ च्या सुमारास टायरच्या विणकामशाळेत गुपचूप राजवस्त्र विणले जात असल्याची बातमी फुटली. ते कोणी सांगितले, कोणासाठी, हे कळेना. राजवस्त्र म्हणजे सिंहासनावर दावा, म्हणजे बंड. मारास नावाच्या एका ख्रिस्ती धर्मसेवकाला पुढे आणण्यात आले. विणकामशाळेच्या प्रमुखाला उद्देशून, काम लवकर उरका अशा अर्थाचे, ग्रीक भाषेतले पत्र त्याचे असल्याचे म्हटले गेले. मरणाच्या दारात पोचेपर्यंत त्याला यातना दिल्या, पण त्याच्या तोंडून काहीही वदवता आले नाही.

१६/
पश्चिमेचे रोम कोसळले तरी पूर्वेकडच्या बायझंटाइन दरबाराने हा रंग जपला. ५३२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये भीषण दंगा उसळला आणि सम्राट जस्टिनियन पळून जाण्याच्या विचारात होता. तेव्हा राणी थिओडोराने, राजवस्त्रासारखे दुसरे उत्तम कफन नाही अशा आशयाचे बोल सुनावून त्याला थोपवले, असे प्रोकोपियस सांगतो. राजवाड्यात जांभळट दगडाने मढवलेली एक खोली होती. सत्तेवर असलेल्या सम्राटाची मुले तिथे जन्मत आणि 'पोर्फिरोजेनेटोस', म्हणजे जांभळ्यात जन्मलेली, म्हणवली जात. शंखाचे नाव आता राजवंशाची बिरुदावली झाले होते.

१७/
पण एकाच मालकाच्या हाती असलेला धंदा त्या मालकाबरोबरच आजारी पडतो. सातव्या शतकात टायर अरबांच्या ताब्यात गेले. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धातल्या सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटले आणि दरबाराची खरेदीची ताकद संपली. १४५३ मध्ये ते शहर ओटोमनांनी जिंकले. त्यानंतर जेमतेम अकरा वर्षांनी, १४६४ मध्ये, पोप पॉल दुसरा याने कार्डिनलांच्या वस्त्रांसाठी केर्मेस या किड्यांपासून मिळणारा तांबडा रंग ठरवून दिला. त्याला 'कार्डिनलांचा जांभळा' म्हणत राहिले. नाव उरले होते, शंख नाहीसा झाला होता.

१८/
याच शंखांशी आणखी एका समाजाचे नाते होते, आणि त्याचे नुकसान वेगळ्या प्रकारचे झाले. ज्यू धर्मग्रंथात वस्त्राच्या कोपऱ्यांवरच्या गोंड्यांत 'तखेलेत' रंगाचा एक धागा गुंफण्याची आज्ञा आहे. परंपरेनुसार हा निळा रंग 'हिलाझोन' नावाच्या समुद्री प्राण्यापासूनच यायला हवा. इथे राजा-रंक असा भेद नव्हता, सामान्य माणसानेही तो धागा बाळगायचा होता. पण शंखाचे उद्योग विस्कटले आणि अरब विजयानंतरच्या शतकांत तखेलेत मिळेनासा झाला. हिलाझोन कोणता, हेही पुढे कोणाला ठामपणे सांगता येईना. मग शेकडो वर्षे ते गोंडे पांढरेच राहिले.

१९/
प्लिनीची कृती तर ग्रंथात होती. मग विद्या हरवली कशी? कारण प्लिनी रंगारी नव्हता. त्याने पाहिले-ऐकले ते लिहिले : मीठ, पाणी, ऊब, दहा दिवस. या दहा दिवसांत नेमके काय होते, ते त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. शंखाचेच कुजणारे मांस आंबवणाचे काम करते, ऊब जिवाणूंना जगवते, भांडे झाकले नाही तर सारे बिघडते. किती ऊब, किती आंबटपणा, कोणत्या वासाला कापड बुडवायचे, हे ज्ञान नाकात आणि हातात असते. ते बापाकडून मुलाकडे जात होते. रंगशाळा ओस पडल्यावर द्यायला कोणी उरले नाही आणि घ्यायलाही.

२०/
सगळेच मात्र हरवले नव्हते. १६८० च्या दशकात इंग्लंडच्या ब्रिस्टलमधल्या विल्यम कोल याच्या कानावर आले की आयर्लंडच्या किनाऱ्यावर एक व्यक्ती शंखाच्या रसाने तागाच्या कापडावर खुणा करून पैसे कमावते. त्याने स्वतः प्रयोग केले आणि उन्हात रंग कसा पालटत जातो, ते रॉयल सोसायटीला कळवले. पुढे १८५८ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लाकाझ-द्युतिए मिनोर्का बेटावर होता. तिथे त्याला एक कोळी आपल्या सदऱ्यावर शंखाने खूण करताना दिसला. पिवळट रेघा उन्हात जांभळ्या झाल्या. ज्या शंखांची ओळख पटवण्यासाठी विद्वान जुन्या पोथ्या धुंडाळत होते, त्यातला एक त्या कोळ्याला नीट ठाऊक होता. त्याला तो लागत होता कपडे ओळखण्यापुरता.

२१/
त्याच सुमारास जांभळा रंग समुद्रातून प्रयोगशाळेत शिरला. १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने कोळशाच्या डांबरातल्या द्रव्यापासून अपघातानेच एक जांभळा रंग केला, तोच पुढे 'मॉव्ह' म्हणून गाजला. १८९७ मध्ये जर्मनीत कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातल्या निळीच्या लागवडीचे कंबरडे मोडू लागले. चंपारणच्या शेतकऱ्यांचा १९१७ चा लढा याच पार्श्वभूमीवरचा. या दोन घटनांनंतर १९०९ मध्ये फ्रीडलेंडरने शंखातला जांभळा आणि नीळ एकाच कुळातली असल्याचे सिद्ध केले. रहस्य उकलले तेव्हा त्याची बाजारात गरजच उरली नव्हती.

२२/
तखेलेतचा शोध मात्र श्रद्धेपोटी चालूच होता. १८८० च्या दशकात पोलंडमधल्या राजिन गावच्या ज्यू धर्मगुरूने माकुळासारख्या एका समुद्री प्राण्याच्या शाईपासून निळा धागा केला. पुढे आयझॅक हर्झोग यांनी १९१३ मधल्या आपल्या प्रबंधाच्या कामात त्याची तपासणी करवली, तेव्हा तो 'प्रशियन निळा' निघाला. तो लोहाच्या क्षारांपासून होतो आणि त्यासाठी माकुळाचीच गरज नसते. हर्झोग यांना पट्टेदार शंखाचा संशय होता, पण त्यातून निळा नव्हे, जांभळा निघे. १९८० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ ओटो एल्स्नर यांच्या ध्यानात आले की विरघळलेल्या अवस्थेत या रंगावर ऊन पडले तर ब्रोमिन सुटून जाते आणि उरते निव्वळ नीळ. गंमत अशी की तखेलेत म्हणून वनस्पतीची नीळ खपवणाऱ्यांना तालमूद ग्रंथात कडक ताकीद आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने खऱ्या निळ्याचा आणि त्या नकली निळ्याचा मुख्य रेणू एकच. भेद उरतो तो रंग कोठून आणि कोणत्या निष्ठेने आणला याचा.

२३/
आता अटलांटिक ओलांडून मेक्सिकोत जावे लागेल, कारण शंखाच्या रंगाची एक अखंड परंपरा तिथे आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ओआहाका प्रांतात पिनोतेपा दे डॉन लुईस हे मिश्तेक लोकांचे गाव आहे. तिथले रंगारी हिवाळ्यात कित्येक दिवसांची वाट तुडवून किनाऱ्यावर येत. ओहोटीला खडकांवरचा शंख लाकडी काठीने अलगद सोडवायचा, दाबून त्याचा द्रव हातावर गुंडाळलेल्या ओल्या सुताच्या लडीवर घ्यायचा आणि शंख पुन्हा ओलसर सावलीत ठेवून द्यायचा. सूत डोळ्यांदेखत पिवळे, हिरवे, मग जांभळे होते. पिंप नाही, भट्टी नाही, कवचांचा ढीग नाही. महिनाभराने त्याच शंखापासून पुन्हा रंग मिळू शकतो. हा रंग उतरतो गावातल्या बायकांच्या नेसण्याच्या वस्त्रावर.

२४/
भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरची पद्धत शंख मारणारी होती आणि मिश्तेकांची शंख जगवणारी, असे म्हणून थांबता येणार नाही. मेक्सिकोतला शंख सहज भरपूर द्रव सोडतो, भूमध्यातल्या शंखांची ग्रंथी फोडावीच लागे. पण फरक प्राण्यापुरताही नाही. १९८० च्या दशकात एका परदेशी कंपनीसाठी त्याच ओआहाकाच्या किनाऱ्यावर शंखांचा बेसुमार उपसा झाला. विश्रांती न देता वारंवार पिळलेले शंख मरू लागले. रंगाऱ्यांनी आणि संशोधकांनी आवाज उठवला, आणि १९८८ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने शंखाला संरक्षण देऊन त्याचा रंग घेण्याचा हक्क परंपरेने तो घेणाऱ्यांपुरता राखून ठेवला.

२५/
इथे इतिहासातला एक विरोधाभास नीट पाहावा. ४२४ चे रोमन फर्मान आणि १९८८ चा मेक्सिकन कायदा, दोन्ही एकच म्हणतात : हा रंग कोणीही घ्यायचा नाही. पण पहिल्या कायद्याने हक्क नेसणाऱ्याला दिला, दुसऱ्याने काढणाऱ्याला. पहिल्यात शंख वेचणारा बांधील होता, दुसऱ्यात तोच राखणदार आहे. पहिल्या व्यवस्थेत राजघराणे संपले आणि विद्याही संपली, कारण ती जाणणाऱ्यांना तिच्यावर स्वतःचा हक्क कधीच नव्हता. दुसरी व्यवस्था टिकेलच, असे नाही. चोरटी शंखवेच वाढली आहे, किनाऱ्यावर पर्यटनाची बांधकामे उठली आहेत आणि गावात हे काम जाणणारे रंगारी थोडेच उरले आहेत.

२६/
संग्रहालयांत आज टायरच्या जांभळ्याचे जे चिंधीएवढे तुकडे जपलेले आहेत, त्यांच्यापुढच्या पाटीवर राजाचे किंवा देवळाचे नाव असते. टोपली सोडणाऱ्याचे, लगदा ढवळणाऱ्याचे नाव लिहून ठेवण्याची रीतच नव्हती. पण त्यांच्या कामाचा दस्तऐवज सायडनपासून कतारपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यावर पडून आहे : फोडलेल्या, भोक पडलेल्या कवचांचे ढीग. प्रत्येक कवच कोणीतरी हाताने उचलले, त्याच जागी फोडले आणि पुढचे उचलले. या रंगाचा इतिहास वाचायचा असेल तर राजवस्त्राइतकाच या ढिगाऱ्यांचाही अभ्यास करावा लागतो, आणि पुरातत्त्व आज तेच करते आहे.